ती एकटी गोळी राहू द्या. आधी रक्त कुठून जातंय ते पाहू

पत्र असं आहे : "मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय 47. दीड वर्षापासून पाळीचा काही मेळ राहिला नाही. कधी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने येत नाही. आली की आठ-नऊ दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात. रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं लुगडं ओलं होतं, झोप मोडते. कापूस वेचणीला वावरात दोन तास उभं राहणं होत नाही, छाती धडधडते. तालुक्याला खाजगी दवाखान्यात दाखवलं. हिमोग्लोबिन 8.2 निघालं. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम आणि दोन हार्मोन लिहून दिले. दुकानात त्यातली एकच मिळाली, इस्ट्रॅडिओल 2 मिलिग्रॅम. दुसरी, प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, पुढच्या आठवड्यात न्या म्हणाले. जाऊबाई म्हणतात रक्त कमी असताना हार्मोन घेतले तर रक्त आटतं, कॅन्सर होतो, त्यापेक्षा पिशवीच काढून टाक. माझ्या बहिणीच्या पोराला सिकलसेल आहे. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. दोन लेकरांनंतर माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं आहे. गोळी सुरू करू की नको?"

ताई, घरात आणून ठेवलेली ती एकटी इस्ट्रॅडिओलची गोळी सुरू करू नका. पण कारण जाऊबाई सांगतात ते नाही. हार्मोनने रक्त आटत नाही, आणि रक्त कमी आहे एवढ्यावरून हार्मोन वर्ज्य होत नाहीत. अडचण अशी आहे की तुमचं रक्त कशामुळे कमी झालं हे अजून कोणी शोधलेलं नाही. आणि तुमची गर्भपिशवी जागेवर आहे.

पिशवीच्या आत एक अस्तर असतं. इस्ट्रोजेन ते वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. म्हणून जिची पिशवी शाबूत आहे तिला ही दोन औषधं जोडीनेच द्यायची असतात. एकटं इस्ट्रोजेन महिनोन्‌महिने घेतलं तर अस्तर जाड होत जातं, अवेळी आणि जास्त रक्त जातं, आणि पुढे त्याच अस्तराचा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. आठ दिवसांत असं काही होत नाही. चार-पाच गोळ्या पोटात गेल्या असतील तर घाबरू नका, थांबवा एवढंच. भीती 'पुढच्या आठवड्या'ची आहे. तालुक्याच्या दुकानात कॅप्सूल येत नाही, वेचणीत जाणं होत नाही, वाफा कमी झालेल्या असतात म्हणून दुसरं औषध विसरलं जातं, आणि बघता बघता एकटी गोळी चार महिने चालते. दोन्ही हातात आल्याशिवाय एकही नाही, हा नियम धरा. ज्यांची पिशवी ऑपरेशनने काढली आहे त्यांनाच एकटं इस्ट्रोजेन चालतं.

दुसरं म्हणजे, कारण न कळलेला रक्तस्राव हे हार्मोन सुरू न करण्याच्या पक्क्या कारणांपैकी एक आहे. बाकीची पक्की कारणं : स्तनाचा किंवा अस्तराचा कॅन्सर झालेला असणं, पायाच्या किंवा फुफ्फुसाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन गेलेली असणं, हार्टअटॅक किंवा लकवा, चालू असलेला यकृताचा आजार, आटोक्यात नसलेला बीपी. या यादीत 'हिमोग्लोबिन कमी' असं कुठेही लिहिलेलं नाही.

तुमच्या त्रासात दोन दुखणी एकमेकांत मिसळली आहेत, ती आधी वेगळी करू. छातीतून वर तोंडाकडे चढणारी वाफ, दोन-चार मिनिटांत येऊन जाणारी, मागून घाम आणि मग थंडी, हे पाळी जाण्याच्या काळाचं लक्षण आहे. लोहाच्या कमतरतेने असं होत नाही. उलट वावरात दम लागणं, धडधड, डोकं दुखणं, केस गळणं, चुलीची राख, माती किंवा कोरडे तांदूळ खावेसे वाटणं, हे रक्त कमी असल्याचं. झोप दोन्हीने मोडते. निजल्यावर पायांत मुंग्या आल्यासारखं होऊन पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर तेही बहुधा लोहच कमी असल्याने. ही धडधड आणि थकवा घालवायला हार्मोनचा काही उपयोग नाही. लोह भरलं की तुमचा निम्मा त्रास हार्मोनला हात न लावता उतरेल असा आमचा अंदाज आहे. मग ज्या वाफा उरतील त्यांच्यासाठी किती हार्मोन लागतं ते ठरवणं सोपं जातं. एक मात्र बघा : रात्रीच्या घामासोबत संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं किंवा दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर आधी थुंकीची तपासणी. क्षयाचा घाम पाळीच्या नावावर खपून जातो.

आता रक्त कुठून जातंय ते. पाळी सात दिवसांवर चालणं, दर तासा-दोन तासाला कपडा किंवा पॅड बदलावं लागणं, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणं, यातलं एकही असेल तर तो जास्तीचा रक्तस्राव. तुमच्या वयाला तो 'पाळी जाताना होतंच' म्हणून सोडता येत नाही. होतं हे खरं आहे, कारण बीजांड सुटणं अनियमित झालं की प्रोजेस्टेरॉन कमी पडतं आणि अस्तर वेडंवाकडं गळतं. पण फायब्रॉइडची गाठ, अस्तरावरचा कोंब, पिशवीच्या भिंतीतली सूज, थायरॉईड आणि कॅन्सर, सगळ्यांचं रक्त दिसायला एकसारखंच. म्हणून आतून तपासणी, खालून केलेली सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा तपासणं, ही तिन्ही लागतात. वय 45 च्या पुढे आणि पाळी अशी बिघडलेली असेल तर तुकडा तपासायलाच हवा. बारीक नळीने तो ओपीडीत काढता येतो, पाच-दहा मिनिटं पाळीसारखी कळ येते, भूल लागत नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून येते. ज्यांची पाळी वर्षभर बंद आहे आणि तरी रक्त दिसलं, त्यांना 4 मिलिमीटरच्या वर जाडी म्हणजे तुकडा काढा, असा दंडक आहे. तुमची पाळी अजून चालू आहे. तुमचं अस्तर महिन्यात कमी-जास्त होत राहतं, म्हणून नुसत्या आकड्यावर ना घाबरायचं ना निर्धास्त व्हायचं. सोनोग्राफी पाळी संपल्या-संपल्या केली तर तो आकडा जास्त कामाचा. तांबी बसवून विसरलेल्या बाया आपल्याकडे कमी नाहीत. तुमचं ऑपरेशन झालं आहे, पण दुसऱ्या कोणाच्या पिशवीत ती पडून असेल तर रक्त जास्त जाण्याचं तेही एक कारण असतं.

आतून न तपासता कागद लिहिणं ही इकडची जुनी खोड आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बाया तपासून 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं : 92 टक्के बायांना तपासणीत स्त्रीरोगाचं काही ना काही दुखणं निघालं, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तुम्ही लाजू नका, आणि डॉक्टरांनी टाळलं तर स्वतः म्हणा, "आतून बघा."

रक्ताच्या तपासण्या कमी पैशांत पण नेमक्या करा. पूर्ण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), आणि सिकलसेलसाठी एचपीएलसी (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी). फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी. ते 30 च्या खाली असेल तर लोहाची कमतरता समजायची, 15 च्या खाली तर कोठी रिकामीच. अंगात सूज, ताप, सांधेदुखीचा जोर असेल तर फेरिटिन फसवं वर जातं, तेव्हा सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, सोबत बघावी. सीबीसीत पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, लहान आणि फेरिटिन चांगलं असं आलं तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता बघायची. तिथे लोहाच्या गोळ्या कितीही खाल्ल्या तरी हिमोग्लोबिन हलत नाही. पेशी मोठ्या आल्या, हातापायांना मुंग्या-बधिरता असेल, किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर बी-12. त्यात नुसतं फॉलिक अॅसिड खाल्लं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची खराबी आतून चालू राहते. हार्मोनच्या आधी साखर तपासायची असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर अशी बघा. तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए1सी तपासणी लोह कमी असताना खोटी वर जाते आणि सिकलसेलमध्ये तिचा भरवसाच राहत नाही. हे पुष्कळदा दवाखान्यातही लक्षात घेतलं जात नाही.

आता भाच्याचा सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. तुम्ही पत्रात तो जाता जाता लिहिला, आम्हाला तो सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो. भाचा एस-एस, म्हणजे नुसता वाहक नसून आजाराने ग्रस्त, असेल तर तुमची बहीण निदान वाहक आहेच, म्हणजे तुमच्या आई-वडिलांपैकी एक तरी वाहक असणार. मग तुम्ही वाहक असण्याची शक्यता निदान निम्मी. राष्ट्रीय सिकलसेल अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, त्यातली तपासणी 40 वर्षांपर्यंतच्यांची. तुमच्या वयाच्या बाया त्या शिबिरांतून राहून जातात. तुम्ही स्वतः मागून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते, पण हिमोग्लोबिन फार खाली असताना ती खोटी 'नाही' येऊ शकते आणि वाहक की ग्रस्त हेही तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी नमुना एचपीएलसीला जायला हवा. आणि रक्ताची पिशवी लावायची वेळ आलीच तर नमुना आधी काढून ठेवायला सांगा. दुसऱ्याचं रक्त चढलं की त्याचं हिमोग्लोबिन मिसळतं, मग खरा निकाल यायला तीन महिने थांबावं लागतं.

वाहक, म्हणजे ए-एस, निघालात तर एक लक्षात ठेवा : वाहकपणाने हिमोग्लोबिन 8 वर येत नाही. त्याचं कारण दुसरं आहे, बहुधा रक्त जाणं, त्यामुळे वरची सगळी शोधाशोध तशीच करायची. वाहकांना शिरेत गुठळी होण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून इस्ट्रोजेन घ्यायचंच तर गोळीऐवजी कातडीवरून, म्हणजे जेल किंवा चिकटपट्टीने. एस-एस किंवा सिकल-थॅलेसेमिया निघालं तर तोंडावाटे इस्ट्रोजेन नकोच, आणि कातडीवरूनही रक्तविकारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय नको. 47 व्या वर्षापर्यंत एस-एस लपून राहील का? आपल्या भागात काही जणांच्या रक्तात लहान बाळाचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच टिकून असतं, त्यांचा आजार सौम्य राहतो आणि उशिरा सापडतो. अशांना लोहाच्या गोळ्याही फेरिटिन पाहिल्याशिवाय देऊ नयेत. वारंवार रक्त चढलेलं असेल तर अंगात लोह आधीच जास्त असतं.

गोळी आणि जेल यांत एवढा फरक का, हे थोडं उलगडून सांगतो. गोळी पोटातून थेट यकृतात जाते आणि यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवू लागतं. जेल किंवा चिकटपट्टी कातडीतून थेट रक्तात उतरते, यकृताची ती फेरी टळते. नेहमीच्या मात्रेत गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. तुमच्यासारख्या बाईला याचं महत्त्व जास्त, कारण लोह खूप कमी झालं की काही जणींच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, वाढतात, आणि त्यात सिकलसेलची शंका आहेच. बीपी, वजन जास्त, विडी, ही त्यात भर. खर्रा किंवा गुडाखू चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने बीपी चढतो.

रक्त थांबवण्यासाठी दुकानातून दोन गोळ्या सर्रास मिळतात. एक ट्रॅनेक्झामिक अॅसिड 500 मिलिग्रॅम. जास्त जाण्याच्या दिवसांत दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, चार दिवस, अशी साधारण मात्रा असते. चांगलं औषध आहे, पण इस्ट्रोजेनच्या गोळीसोबत नको आणि कधी गुठळी झालेली असेल तर अजिबात नको. दुसरी नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, जिला सगळे 'पाळी पुढे ढकलायची गोळी' म्हणतात. दिवसातून तीन, दहा दिवस, असं देतात. रक्त थांबतं, गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळीसारखं पुन्हा जातं, आणि बाई समजते औषध लागू पडलं नाही. ते तसंच असतं. मात्र या मोठ्या मात्रेत तिचा थोडा भाग अंगात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून देवदर्शन, लग्न, सण यांसाठी मनाने घेण्याची ही वस्तू नाही. आणि 'हार्मोनच आहे ना' म्हणून सुनेच्या पाकिटातली माला-एन घेऊ नका. ती पाळणा लांबवायची गोळी, तिच्यातलं इस्ट्रोजेन वेगळ्या जातीचं आणि बरंच जोरकस. वाफांवरचं औषध ते नव्हे.

लोहाचं नीट केलं नाही तर बाकी सगळं फुकट जातं, म्हणून इथे जरा थांबू. आशाताई आठवड्याला एक लाल गोळी देतात. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती रक्त कमी होऊ नये म्हणून. 8.2 झाल्यावर आठवड्याला एक म्हणजे फुटक्या माठात ओंजळीने पाणी. उपचाराला रोज एक लागते, 60 ते 100 मिलिग्रॅम शुद्ध लोहाची. पाकिटावर 'शुद्ध लोह' किंवा 'एलिमेंटल आयर्न' किती ते वाचा. फेरस सल्फेट 200 मिलिग्रॅम लिहिलेल्या गोळीत शुद्ध लोह साधारण 65 च असतं. मळमळ, पोटात आग, बद्धकोष्ठ झालं तर बंद न करता एक दिवसाआड करा. एका गोळीनंतर आतडं दिवसभर लोहाला दार अर्धं लावून घेतं, त्यामुळे दिवसाआड घेतलेली गोळी जास्त चांगली मुरते. शौचाला काळं होणं ठीक आहे. डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं मात्र ठीक नाही.

तुमच्या कागदावर लोह आणि कॅल्शियम दोन्ही आहेत आणि बहुतेक बाया ती जेवणानंतर एकत्रच गिळतात. कॅल्शियम लोहाला अडवतं. लोह सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्यासोबत, मोसमात संत्र्यासोबत; कॅल्शियम रात्री जेवणानंतर. चहा लोहाच्या आधी-नंतर तासभर नको, आणि इकडे सकाळचा चहा आधी होतो म्हणूनच सांगतो : पहाटे उठल्या उठल्या गोळी, चहा वावरात निघताना. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तास अंतर. अनवाणी वावरात, धानाच्या बांधीत काम असेल तर आकड्या जंतासाठी अल्बेन्डॅझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी. भाकरीसोबत तुरीचं वरण, चणा भाजी, शेवग्याचा पाला, लोखंडी कढई हे चालू ठेवा, पण 8.2 वरून 12 वर फक्त भाजीने जाता येत नाही. बीट आणि 'रक्त वाढवायचं टॉनिक' यांवर पैसे घालू नका.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा बघा. निदान 1 ते 2 ने वाढलेलं हवं. वाढलं तर 12 गाठेपर्यंत आणि त्यानंतर आणखी तीन महिने गोळी चालू; कोठी भरायला तेवढा वेळ लागतो. वाढलं नाही तर तीनच कारणं असतात : गोळी नीट घेतली जात नाही, जेवढं येतं तेवढं खालून जातंय, किंवा आजार लोहाचा नाहीच. रक्त जात राहत असेल किंवा गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह. किती लागेल याचा हिशेब डॉक्टर असा मांडतात : वजन गुणिले (15 उणे तुमचं हिमोग्लोबिन) गुणिले 2.4, अधिक 500. समजा वजन 48 किलो आणि हिमोग्लोबिन 8.2, तर 48 × 6.8 × 2.4 म्हणजे 783, अधिक 500, साधारण 1,280 मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज 200-200 मिलिग्रॅमने दिलं तर सहा-सात खेपा होतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजमध्ये एका वेळी 1,000 पर्यंत देता येतं. रक्ताची पिशवी हिमोग्लोबिन 7 च्या खाली किंवा बसल्या जागी दम, छातीत दुखणं असं असेल तेव्हा. एका पिशवीने जेमतेम 1 वाढतं. तुम्हाला आज तिची गरज दिसत नाही.

मग हार्मोन कधी? अस्तराचा निकाल स्वच्छ आला, रक्ताचं कारण कळलं आणि हिमोग्लोबिन चढणीला लागून 10 च्या आसपास आलं की बोलायला हरकत नाही. 10 हा आकडा कोणत्या नियमातला नाही, आमचा हिशेबी अंदाज आहे. 12 होईपर्यंत रात्र-रात्र जागत बसण्याची गरज नाही. त्याआधी बीपी, स्तनांची तपासणी, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आणि यकृताची तपासणी झालेली असावी.

कोणते हार्मोन, यात रक्त कमी असलेल्या बाईसाठी मोठा फरक पडतो. दर महिन्याला 12 ते 14 दिवस प्रोजेस्टेरॉन 200 मिलिग्रॅम देण्याची पद्धत आहे, त्यात महिन्याला पाळी येतेच. जिचं रक्त आधीच जातंय तिला ते परवडत नाही. रोज 100 मिलिग्रॅम देण्याच्या पद्धतीत पाळी थांबते, पण पाळी पूर्ण गेलेली नसताना ती लावली तर महिनोन्‌महिने अधूनमधून डाग पडत राहतात. तुमच्यासाठी आम्हाला सगळ्यात बरं वाटतं ते लिव्होनॉरजेस्ट्रेल 52 मिलिग्रॅमचं पिशवीत बसवायचं साधन. दिसायला तांबीसारखं, काम उलटं : तांबीने रक्त वाढतं, याने कमी होतं. पहिले तीन ते सहा महिने डाग पडतात, मग पाळी फारच थोडी येते किंवा थांबते. पाच वर्षं अस्तराची राखण तेच करतं, त्यामुळे कॅप्सूल दुकानात आहे-नाही हा प्रश्नच उरत नाही. वाफा तरी राहिल्या तर वरून इस्ट्रोजेनचं जेल. महाग आहे, हे खरं. पण दर दोन-तीन महिन्यांनी टॉनिक, सलाईन आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज एकदा करून बघा. मोठ्या सरकारी दवाखान्यात, यवतमाळचं मेडिकल कॉलेज, सेवाग्राम किंवा नागपूरचं मेडिकल, इथे विचारा. तुकडा, एचपीएलसी आणि हे साधन एकाच जागी बघता येईल.

जेल 0.06 टक्क्यांचं असतं, 2.5 ग्रॅममध्ये 1.5 मिलिग्रॅम इस्ट्रॅडिओल. सुरुवात निम्म्याने, 1.25 ग्रॅम. संध्याकाळी अंग धुऊन कोरडं झाल्यावर दंडाला किंवा मांडीला पसरायचं, छातीला नाही. पाच मिनिटं वाळू द्या, तासभर धुऊ नका, लगेच नातवंड उचलू नका. त्यात अल्कोहोल असतं, वाळेपर्यंत चुलीजवळ जायचं नाही. चिकटपट्टी आपल्या एप्रिल-मेच्या घामात सुटून येते, म्हणून आम्ही जेल म्हणतो. फरक पडायला चार ते सहा आठवडे द्या. तेवढ्यात दोनदा मात्रा वाढवून मागू नका. सहा महिन्यांनंतरही अवेळी रक्त दिसत असेल तर पुन्हा सोनोग्राफी.

हार्मोन नकोच असं ठरलं तरी वाफांना दुसरी औषधं आहेत, व्हेनलाफॅक्सिन किंवा रात्री गॅबापेन्टिन. डॉक्टर लिहून देतील. पहिल्याच्या जातीच्या औषधांनी रक्तस्राव किंचित वाढू शकतो, म्हणून लोह भरेपर्यंत आम्ही दुसरं आधी बघू. फक्त खालच्या कोरडेपणाचा, लघवीच्या जळजळीचा त्रास असेल तर तिथे लावायचं एस्ट्रिऑलचं मलम पुरतं. ते रक्तात नगण्य उतरतं.

जाऊबाईंच्या कॅन्सरच्या भीतीला मूळ आहे, उगाच नाही. 2002 साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात गोळीचं इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉन दोन्ही घेणाऱ्यांत वर्षाला 10,000 बायांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या 8 बाया जास्त निघाल्या. त्या बायांचं सरासरी वय 63 होतं, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांत फायदा बहुधा जड ठरतो. पिशवी काढण्याचं म्हणाल तर घाईने नको. औषध आणि साधन हरलं, गाठ मोठी असली किंवा तुकड्यात काही निघालं तर ऑपरेशन योग्यच. पण 8.2 वर टेबलावर जाणं धोक्याचं, आणि पिशवीसोबत चांगल्या बीजांडकोशांनाही हात लावला तर ज्या वाफांसाठी दवाखान्यात गेलात त्या दुप्पट जोराने एका रात्रीत सुरू होतात. सही करण्याआधी विचारा, "बीजांडकोश ठेवणार ना?"

दोन गोष्टींत वाट बघायची नाही. तासाला एकाहून जास्त पॅड भिजत असेल आणि उभं राहताच अंधारी येत असेल, तर 108. हार्मोन सुरू झाल्यावर एकाच पायाच्या पोटरीला सूज-दुखी, अचानक दम, छातीत कळ, एका बाजूला बधिरपणा किंवा बोबडी वळणं, तरीही 108, आणि जेल त्याच दिवशी बंद.

ज्यांची पाळी वर्षभर बंद आहे आणि तरी रक्त कमी निघालं, त्यांच्यासाठी एक ओळ : तुमचं रक्त कमी होण्याचा दोष पाळीवर टाकता येत नाही. गुडघ्यासाठी रोज घेतलेली दुखण्याची गोळी पोटात व्रण करते. मूळव्याध, आतड्याची गाठ हेही बघावं लागतं. तिथे शौचाची आणि गरज पडली तर दुर्बिणीची तपासणी आधी.

इस्ट्रॅडिओलची ती पट्टी फेकू नका, ताई. पुढच्या वेळी तीच, डॉक्टरांचा कागद, शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि रोज किती कपडे लागले ते लिहून सोबत न्या. वर पहिल्या ओळीत लिहा : 'बहिणीच्या मुलाला सिकलसेल.'